भर बाराला काढलेलं चाक

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. हे माझ्या सख्ख्या आत्याच्या डोळ्यांसमोर घडलं, आणि आत्या खोटं बोलत नसे. एवढंच सांगतो.

साल १९४७. मे महिना. गाव देवळाली प्रवरा.

आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

माझी कृपाआत्या नर्स होती. तिचे यजमान दानीएलमामा दवाखान्यात कंपाउंडर. लढाई संपल्यावर नगरला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यात मामांनी एक फटफटी घेतली. आधी ती कोण चालवत होतं, हे त्यांनी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

त्या दिवशी सकाळी निरोप आला. नदीपलीकडच्या एका वाडीत पटकी लागली होती. कॉलरा. दोन दिवसांत चार माणसं गेली होती. लस टोचायची होती, विहिरीत लाल औषध टाकायचं होतं. बैलगाडीनं जायचं तर संध्याकाळ झाली असती.

आणि फटफटीचं मागचं टायर पार फाटलेलं. नवं आणून ठेवलं होतं, बसवायचं राहिलं होतं.

मामांनी अंगणात कडुलिंबाखाली गाडी स्टँडवर चढवली. शेजारचा सहादेव धरायला आला. साखळी उतरली, ब्रेकची सळई सुटली. मामांनी चाकाच्या नटाला पान्हा लावला, तसा सहादेव म्हणाला,

"बाराचा वंगाळ टाइम हाय, कंपाउंडर. जरा थांबा की."

"तिकडं माणसं मरतायत, सहादेव."

नट फिरला. चाक मामांच्या हातात आलं.

आणि झाडावरचे कावळे गप्प झाले...

शेळी मघापासून ओरडत होती. तीही थांबली.

मग आवाज आला.

फट... फट... फट...

राहुरीच्या रस्त्याकडून. लांबून. जवळ येत.

गावात दुसरी फटफटी नव्हती.

आवाज फाटकापर्यंत आला आणि थांबला. दोघांनी पाहिलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं. धूळसुद्धा उडालेली नव्हती.

"गेला असंल वळून," सहादेव म्हणाला. त्याचं त्यालाच पटलं नाही.

मामांनी टायरच्या कडेखाली लोखंडी पट्ट्या घातल्या आणि जुनं टायर उचकटून काढलं. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून, अगदी कानाजवळ, कुणीतरी शांतपणे बोललं...

"चक्का लगा दो. देर हो रही है."

सहादेव उठला आणि कुंपणावरून उडी टाकून घरी गेला.

 मामा जुनंच टायर परत चढवायला लागले.

आत्या दारात उभी होती. तिनंही ऐकलं होतं.

"ते कशाला चढवताय?"

"कृपा, त्याला त्याचं चाक पाहिजे."

"त्याचं इथं काही नाही. सरका तिकडं."

तिनं पदर खोचला. पट्ट्या हातात घेतल्या. नवं टायर चढवलं, आत ट्यूब सारली आणि पंप मारायला लागली. टायर टणक झालं...

आणि सूंऽऽ करून सगळी हवा गेली.

ट्यूब काढून पाण्यात बुडवली. एक बुडबुडा नाही. परत बसवली. परत हवा गेली.

तिसऱ्यांदाही तेच.

आत्यानं घाम पुसला. रिकाम्या अंगणाकडं बघून बोलली. आवाज चढवला नाही.

"तू सोडत राहा. मी भरत राहते. बघू कोण दमतं."

चौथ्यांदा हवा राहिली.

चाक बसलं, तसं फाटकाबाहेर इंजिन सुरू झालं... आणि आवाज नदीच्या दिशेनं निघून गेला.

यांच्या आधी.

"आज नको जायला," मामा म्हणाले. आत्यानं लशीची पेटी मांडीवर घेतली आणि मागं बसली.

"चला."

वाडीच्या पारावर छगन नावाचा म्हातारा बसला होता. त्यानं विचारलं, "तुमचा शिपाई फुडं गेला का?"

"कुठला शिपाई?"

"आत्ता फटफटीवरनं आल्ता की. खाकी कपड्यातला. तीन घरी पानी मागितलं अन् गेला."



आत्यानं फक्त एवढं विचारलं, "कुठली तीन घरं?"

त्या तीन घरांत कुणीच आजारी नव्हतं. लोक वैतागले. "इथं समदी धडधाकट हायेत, बाई. आजारी तिकडं हायेत."

तिकडं तिनं मामांना पाठवलं. स्वतः त्या तिन्ही घरांतलं पाणी ओतून दिलं. नवं पाणी उकळायला लावलं, मीठ घालून ठेवलं, आणि वाट बघत बसली.

दिवस मावळायच्या आत तिन्ही घरांत एकेकाला उलट्या सुरू झाल्या...

चार दिवस आत्या वाडीतून हलली नाही. चमच्याचमच्यानं पाणी पाजत राहिली. रोज दुपारी बाराला वाडीच्या तोंडाशी फटफट वाजायची. आत्या आजाऱ्याच्या उंबऱ्यात जाऊन आडवी उभी राहायची. आवाज परत फिरायचा.

एका दुपारी तो तिसऱ्या घराकडं वळला. ती दुसऱ्या घरात होती...

तिसऱ्या घरातला गोरक्षनाथ त्या दुपारी गेला. बाकीची दोघं वाचली.

फटफटी त्यांनी विकली नाही. पुढच्या वेळी टायर बदलायची वेळ आली, तेव्हा आत्यानं मुद्दाम दुपारी बाराला चाक काढलं. स्वतःच्या हातानं. काही झालं नाही.

"मग तुला भीती नाही वाटली?" मी एकदा विचारलं.

"वाटली की. पण भ्यायला सवड कुठं होती?"

वाचलेल्या दोघांतली एक रतनबाई. पुष्कळ वर्षांनी मी मुद्दाम वाडीत जाऊन तिला भेटलो. शिपायाला तिनं पाणी दिलं होतं का, ते विचारलं.

"दिलं की. तांब्याभर. घटाघटा प्याला. मी बघत हुते, गळा हालत हुता त्याचा."

"मग?"

"मग तांब्या परत दिला."

तिनं बोटानं तांब्याचा काठ दाखवला.

"भरलेलाच हुता रे..."

त्या पाण्याचं काय केलं, हे मी विचारायला नको होतं. पण विचारलं.

"ऊन लई हुतं," रतनबाई म्हणाली. "मलाबी तहान लागली हुती."

तिनं चहा टाकायला सुनेला हाक मारली. बस चुकेल असं सांगून मी उठलो.

बसला अजून दीड तास होता.