थर्लबीच्या उंबऱ्याखालचं कुत्रं

आमच्या हॉक्सबी गावच्या पबमध्ये माझ्या गोष्टींना लोक हसतात. मी पाहिलेला तीन पायांचा ससा माझ्या सांगण्यात दर नाताळाला आणखी एक पाय गमावतो, असंही म्हणतात. म्हणू द्या.

पण ही गोष्ट माझ्या मेव्हण्याची आहे. ती घडलेली आहे. आणि त्याच्या घरी जाऊन आलेला एकही माणूस तिला हसत नाही.

मेव्हणा म्हणजे अँब्रोज थर्लबी. वय सहासष्ट, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. इंग्लंडातल्या लिंकनशायरच्या त्या सपाट रानात तो आणि त्याची कुत्री नेल, दोघंच. नेल अकरा वर्षांची. दिवसा मेंढ्यांमागे, संध्याकाळी चुलीपुढे. दाराशी ती कधी बसली नाही.

थर्लबींच्या मेंढ्या हा गावाचा जुना विनोद. कापणीनंतर त्या पूर्वेच्या रानात सोडल्या की मधोमध एका जागी प्रत्येक मेंढी टुणकन उडी मारायची. तिथे ना दगड, ना ओहोळ. अँब्रोजच्या बापाच्या वेळेपासून हेच.

"मेंढ्याच त्या," अँब्रोज म्हणायचा. "एकीने उडी मारली की सगळ्या मारणार. तुमच्या निवडणुकीसारखं."

मग तो कोरडा उन्हाळा आला. पूर्वेच्या रानात बार्ली होती, तिच्यात पिवळ्या रेषा उमटल्या. खाली दगड असला की वरचं पीक आधी वाळतं. या रेषा सरळ होत्या. काटकोनात वळत होत्या. घरच होतं ते, जमिनीत बुडालेलं.

सप्टेंबरात विद्यापीठातली माणसं खणायला आली. त्यांची प्रमुख पिपा गॅरड, गुडघ्यापर्यंत चिखल आणि हातात कायम चहा. तिने सांगितलं, हे रोमन काळातलं शेतघर, सतराशे वर्षांचं. भिंतींचे पाये निघाले. धान्य वाळवायची भट्टी निघाली. पूर्वेला दार होतं. दाराच्या उंबऱ्याचा दगड उचलला, तर खाली...

कुत्र्याचा सांगाडा.

पुढचे पाय पसरलेले. मान ताठ. तोंड बाहेर, पूर्वेला.

जागा तीच. मेंढ्यांच्या उडीची.

"राखणीला पुरलंय," पिपा म्हणाली. "बाहेरचं आत येऊ नये म्हणून तोंड बाहेर."

"बाहेरचं म्हणजे काय?"

"ते हाडं सांगत नाहीत, मिस्टर थर्लबी."

"मग राहू दे की तिथेच. बिचाऱ्याची राखणीची पाळी संपली नसेल अजून."

सगळे हसले. हाडं पिशव्यांत गेली, पिशव्या खोक्यात, खोकं गाडीत. दगड परत बसवला, खड्डा बुजवला. नोव्हेंबरात अँब्रोजने मेंढ्या सोडल्या.

एकीनेही उडी मारली नाही.

त्या रानात फिरल्याच नाहीत. चाळीसच्या चाळीस पश्चिमेच्या कुंपणाला अंग दाबून उभ्या राहिल्या. चरेनात. ओरडेनात. सगळ्यांची तोंडं त्या एका जागेकडे.

तिसऱ्या दिवशी धुकं उतरलं. दुपारचे तीन. अँब्रोज कुंपणाची तार ओढत होता, नेल पायाशी होती. ती उठली, चालत गेली आणि उंबऱ्याच्या जागी बसली. पुढचे पाय पसरून. मान ताठ. तोंड पूर्वेला.

अँब्रोजने शीळ घातली. अकरा वर्षांत त्या शिळेला नेलने नाही म्हटलं नव्हतं.

तिचा फक्त कान मागे वळला...

मेंढ्या मात्र हळूहळू चरायला लागल्या.

त्याने तिला उचलून घरी आणलं. तिने नखांतून रक्त येईपर्यंत दार खरवडलं. दार उघडलं की पुन्हा तिथेच. दिवस गेला. दोन गेले. अंगावर दहिवर गोठलं, समोर ठेवलेलं मटण गोठलं. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. "आजार नाही. पण खाल्लं नाही तर आठवडा काढणार नाही," म्हणाला.

अँब्रोज खुर्ची घेऊन तिच्याशेजारी बसायचा. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. नेलची नजर हलत होती. डावीकडून उजवीकडे. मग परत डावीकडे. समोर धुक्यात कुणीतरी येरझाऱ्या घालाव्यात, तशी...

पावलांचा आवाज नव्हता. पण कावळ्यांचाही नव्हता. कसलाच नव्हता.

त्याने पिपाला फोन लावला. "माझं कुत्रं परत आण."

"मिस्टर थर्लबी, तपासणी अर्धवट आहे. वरिष्ठांना मी कारण काय लिहून देऊ?"

"लिही, रजा संपली, कामावर रुजू झालं. रान माझं, हाडं माझी. आणि माझी नेल मरतेय, पोरी."

पिपा दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन आली. दगड उचलायला मी गेलो होतो, म्हणून पुढचं मला ठाऊक आहे.

"फोटोत आहेत तशी मी मांडू का?" पिपाने विचारलं.

"थर्लबींनी आजवर एकवीस कुत्री पुरलीत. मला शिकवू नकोस."

थर्लबींची एक रीत आहे. कुत्रं पुरताना तोंड घराकडे करायचं, म्हणजे ते वाट चुकत नाही. अँब्रोजने एकेक हाड मायेने मांडलं. कवटी शेवटी ठेवली. तोंड त्याच्या घराकडे. पश्चिमेला. आत.

पिपाने फोटो पाहिला. "अहो, पण ते..."

"थर्लबींचं कुत्रं घराकडे बघतं," अँब्रोज म्हणाला.

मी दगडाला हात घातला. थंडी फार होती.

दगड बसला आणि नेल उठली. अंग झटकलं. शेपूट हलवत घरी आली, वाडगं चाटूनपुसून स्वच्छ केलं, चुलीपुढे आडवी झाली. अँब्रोज हसत होता आणि डोळे पुसत होता. मी बायकोने दिलेला प्लम ब्रेड, म्हणजे मनुकांचा गोड पाव, कापायला घेतला. पिपा निघून गेली होती. साडेपाच वाजले असतील.

तेव्हा बाहेरच्या फरशीवर नखं वाजली.

टक्. टक्. टक्...

दाराशी येऊन थांबली.

नेलने मान उचलली. गुरगुरली नाही. ती अँब्रोजपाशी गेली, त्याचा हात चाटला. मग दाराकडे वळली. दार मी लावलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. ते उघडं होतं.

उंबऱ्यापाशी नेलने टुणकन उडी मारली आणि धुक्यात गेली.

"नेल!" अँब्रोज धावला. दारात जाऊन थबकला. परत फिरला. चेहरा पिठासारखा पांढरा. "सिरिल, तू जा," म्हणाला. मी गेलो नाही. हेही खरंच सांगतो.

सकाळी ती रानात सापडली. पाय पसरलेले, मान ताठ, तोंड पूर्वेला. लाकडासारखी गार. मी एकट्यानेच दगड सरकवला, तिला तशीच तिथे ठेवायला.

खाली माती होती. आदल्या दिवशी मांडलेलं एकही हाड नव्हतं. नेलला मी तिथेच पुरलं, तोंड पूर्वेला ठेवून.

आता मेंढ्या पुन्हा उड्या मारतात. त्या मीच बघतो. कारण अँब्रोज त्या दिवसापासून घराबाहेर पडलेला नाही.

त्याच्या स्वयंपाकघराच्या दाराशी काहीही नाही. पायपुसणंसुद्धा नाही. पण टपालवाली येते, पाय उंच उचलून आत टाकते. पाद्री येतात, झगा सावरून ढांग टाकतात. कुणी कुणाला सांगितलेलं नाही. पिपा अहवाल द्यायला आली, तिनेही तसंच केलं. मग मागे वळून उंबऱ्याकडे बघत राहिली. चहा न घेता गेली.

गेल्या मंगळवारी माझा गुडघा धरला होता. पाय पुरता उचलला गेला नाही. बुटाला काहीतरी लागलं. ऊबदार. ते थोडं सरकलं...

"तुडवू नकोस त्याला," अँब्रोज आतून म्हणाला. मान वर न करता.

मी म्हटलं, "चल ऊठ, म्हाताऱ्या. पबमध्ये सगळे विचारतात. एक ग्लास पिऊ, नेलच्या नावाने."

त्याने कोटाकडे पाहिलं. उठला. दाराकडे दोन पावलं टाकली.

उंबऱ्यावरून एक खोल, हळू गुरगुर आली. मी ऐकली. बाहेरच्यावर नव्हती ती.

अँब्रोज परत खुर्चीत बसला.

"आज नको," म्हणाला. "तू जा. तुला सोडतं ते."

मी निघालो. पाय उचलला... कमरेइतका.