मागे पडणारं गाणं

आधी कोडं घालते. दोन मुली एकच गाणं एकत्र म्हणताहेत. पहिली म्हणते, दुसरी मागे पडतेय. दुसरी म्हणते, छे, पहिलीच मागे पडतेय. दोघींचा ताल पक्का आहे आणि दोघीही खरं बोलताहेत. मग चूक कुणाची? आमच्या अख्ख्या शाळेला हे कोडं सुटत नव्हतं, आणि त्यापायी माझी सगळ्यात जवळची मैत्रीण माझ्याशी बोलायची बंद झाली होती.

मी इंदू. करंजवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत आहे. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणते. असेल बुवा. सायमा शिकलगार आणि मी बालवाडीपासून एका बाकावर. परिपाठाला प्रार्थना आम्ही दोघींनी सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची, असं पहिलीपासून चालत आलेलं. सायमाचे अब्बा वेल्डर आहेत. चंद्रावर वस्ती बांधायचं काम निघालं तेव्हा घुमटांचे सांधे जोडायला पक्क्या हाताची माणसं हवी होती, म्हणून त्यांना बोलावणं आलं. दिवाळीच्या सुट्टीत सायमाही अम्मीबरोबर तिकडे राहायला गेली.

पण पटावर तिचं नाव आमच्याच शाळेत राहिलं, कारण तिकडची शाळा अजून व्हायची आहे. बाईंनी आमच्या बाकावर तिच्या जागी एक पडदा उभा केला. त्यात सायमा दिसते. ती हजेरी देते, चित्रं काढून दाखवते, आमची खिचडी आली की भांड्यात डोकावून बघते आणि स्वतःच्या पाकिटातल्या जेवणाकडे बघून नाक मुरडते. फक्त एक होतं. बाईंनी काही विचारलं की तिचं उत्तर जरा रेंगाळून यायचं. सगळे म्हणायचे, नेटवर्क. आमच्या गावात वीज गेली, दूध नासलं, म्हैस आटली तरी लोक नेटवर्कलाच बोल लावतील, त्यामुळे कुणी जास्त विचार केला नाही.

मग स्नेहसंमेलन जवळ आलं. बाईंनी आमच्या दोघींसाठी खास एक गाणं लिहिलं. पाण्यात बसलेली म्हैस काही केल्या उठत नाही, असं ते गाणं. ध्रुवपद होतं, 'ऊठ गं म्हशी, दिवस बुडाला, घरी चल गं चल.' मी रंगमंचावर उभी राहणार आणि सायमा मागच्या मोठ्या पडद्यावर. दोघींनी मिळून म्हणायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

सराव सुरू झाला आणि फजितीही. मी 'ऊठ गं म्हशी' म्हणून पुढे जायची तेव्हा कुठे सायमाचं 'ऊठ' यायचं. बाई म्हणाल्या, तिच्यासाठी थोडी थांब. मी थांबले. तिकडे तीही माझ्यासाठी थांबायची. मी आणखी थांबायची, ती आणखी थांबायची, आणि गाणं इतकं लांबत गेलं की म्हैस खरोखरच कधी उठणार नाही असं वाटायला लागलं. वर्गातली मुलं बाकावर डोकी टेकून घोरायचं सोंग करायला लागली. सरपंचांनी शाळेच्या छपरावरचा अँटेना बदलून दिला. काही फरक पडला नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, आपण सायमाचं गाणं आधीच रेकॉर्ड करून घेऊ आणि त्या दिवशी नुसतं लावू. सायमाचा चेहरा उतरला. मग भिंतीवर माझा फोटोच लावा ना, असं म्हणाली ती. बाईंनाही वाईट वाटलं. शुक्रवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर रेकॉर्डिंग, असं ठरलं.

मधल्या सुट्टीत मी तिला चांगलंच सुनावलं. तू मागे पडतेस, म्हणून हे सगळं होतंय, म्हटलं.

"तूच मागे पडतेस, इंदू," सायमा म्हणाली. "मी तुला सांभाळून घेते, आणि बोलणी मलाच."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, चंद्रावर गेलीस म्हणून शहाणी झालीस का? ती नुसती बघत राहिली. मी विचारलं, रागावलीस? ती गप्प. तोंडातून शब्द नाही. म्हणजे रागावलीच असणार. मग मीही म्हटलं, "जा मग. नको गाऊस."

माझं ते बोलून झालं, आणि नंतर पडद्यातून तिचा आवाज आला. "नाही गं, नाही रागावले."

क्षणभर ती हसत होती. मग माझं 'जा मग' तिच्यापर्यंत पोचलं असावं, कारण तिचं हसू मावळलं आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या दिवशी हजेरीला सायमा नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. मी बाकावर बसायची तेव्हा शेजारी नुसता काळा पडदा असायचा. मला फार रडू यायचं.

घरी अप्पांच्या ते लक्षात आलं. अप्पा म्हणजे माझ्या आईचे वडील. त्यांनी सगळी नोकरी डोंगरावरच्या एका मोठ्या तबकडीपाशी केली. ही तबकडी अवकाशात गेलेल्या यानांशी आणि माणसांशी बोलते. अप्पांची एक सवय आहे. त्यांना काही विचारा, ते लगेच उत्तर देत नाहीत आणि समोरच्याचं बोलून झालं की आधी जरा थांबतात. आई गमतीने म्हणते, अप्पांना प्रश्न विचारून चहा टाकावा, चहा उकळला की उत्तर येतं.

मी त्यांना सगळं सांगितलं, माझं 'जा मग' सुद्धा. अप्पा थांबले. मग म्हणाले की उत्तर मी सांगून उपयोग नाही, तुझ्या कानांनाच ते मिळायला हवं. उद्या शाळेतला ढोल आण, आणि हलगी वाजवणारा एक जण आण.

हलगी आमच्या वर्गात समाधान वाजवतो, लेझीमच्या वेळी. अप्पांनी त्याला मैदानापलीकडे पार पाण्याच्या टाकीपाशी पाठवलं. मी ढोल घेऊन शाळेच्या पायरीपाशी. अप्पा स्वतः बरोबर मध्यावर हातात कवायतीचा लाल झेंडा घेऊन उभे राहिले. झेंडा खाली आला की दोघांनी एक ठोका द्यायचा. बास, एवढंच.

झेंडा खाली आला. मी ढोल वाजवला. समाधानचा हात खाली येताना मला दिसला, अगदी माझ्याबरोबर. पण हलगीचा आवाज मात्र नंतर आला. पुन्हा तेच. दर वेळी तो मागे.

मी धावत मध्यावर गेले आणि म्हटलं, समाधान उशिरा वाजवतोय. तिकडून समाधान धापा टाकत आला आणि म्हणाला, इंदूच उशिरा वाजवतेय. आम्ही भांडायच्या बेतात होतो.

अप्पा म्हणाले, "आणि मला इथे मधे दोन्ही ठोके एकदम ऐकू आले."

मग अप्पांनी मैदानावर बसकण मारली आणि समजावून सांगितलं. आवाजाला हवेतून चालत यावं लागतं. सेकंदाला साधारण साडेतीनशे मीटर एवढाच त्याचा वेग. समाधानचा हात दिसतो तो प्रकाशामुळे, आणि प्रकाश इतका वेगवान की मैदान ओलांडायला त्याला वेळ लागला हे कळतसुद्धा नाही. म्हणून हात आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. स्वतःचा ढोल आपल्या कानाशीच असतो, तो लगेच ऐकू येतो. दुसऱ्याचा आवाज वाटेत असतो. त्यामुळे प्रत्येकाला दुसराच मागे पडल्यासारखा वाटतो. या उशिराला विलंब (निघालेली गोष्ट पोचेपर्यंत जाणारा वेळ) म्हणतात. विलंब झाला म्हणजे कुणी आळस केला असं नव्हे.

मी म्हटलं, पण सायमाचा आवाज काही हवेतून येत नाही. चंद्रापर्यंत हवाच नाही.

अप्पांना हा प्रश्न आवडला. तिचा आवाज रेडिओलहरींवर (डोळ्यांना न दिसणारा एक प्रकारचा प्रकाशच म्हणा) बसून येतो, ते म्हणाले. त्यांचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. याहून वेगाने जगात काहीच धावू शकत नाही. पण चंद्र पावणेचार लाख किलोमीटरहून लांब आहे. तेव्हा आवाजाला यायला सव्वा सेकंदाहून थोडं जास्त लागतं, आणि प्रश्न जाऊन उत्तर यायला त्याच्या दुप्पट. अँटेना सोन्याचा बसवला तरी हे कमी व्हायचं नाही. तो नेटवर्कचा दोष नाही, ते अंतरच आहे.

मला एकदम मधल्या सुट्टीतलं ते आठवलं. मी 'रागावलीस?' विचारलं, तेव्हा सायमा गप्प नव्हतीच. माझा प्रश्न तिच्याकडे चालला होता, मग तिचं 'नाही' माझ्याकडे निघालं होतं, आणि तेवढ्यात मी 'जा मग' म्हणून मोकळी झाले होते. अप्पा बोलताना का थांबतात तेही मला तेव्हा कळलं. समोरच्याचं उत्तर पोचायला ते वेळ देतात. मी अप्पांच्या मांडीत डोकं खुपसून रडले. समाधान बिचारा हलगी कुरवाळत दुसरीकडे बघत बसला.

रडून झाल्यावर मला एक सुचलं. मी समाधानला पुन्हा टाकीपाशी पाठवलं आणि बजावलं, या वेळी झेंडा नाही. तू माझ्याकडे लक्षच देऊ नकोस, कान बंद असल्यासारखा एका तालात वाजवत राहा. त्याने वाजवलं, आणि त्याची हलगी मला जशी ऐकू येत होती तिच्याबरोबर मी ढोल धरला. दोन्ही अगदी एकत्र! पायरीवर बसलेली पोरं नाचायला लागली. समाधान मात्र परत आल्यावर कुरकुरला, की मला तर तू आधीपेक्षाही जास्त मागे ऐकू येत होतीस.

तेच तर आहे, अप्पा म्हणाले. दोघं एकमेकांसाठी थांबत राहिले तर गाणं लांबतच जातं. एकाने न ऐकता पुढे जायचं आणि दुसऱ्याने त्याला धरायचं, मग दुसऱ्याच्या बाजूला ते जुळतं. पण जो पुढे जातो त्याला दुसऱ्याची साथ मिळत नाही. त्याला एकट्यानेच गावं लागतं.

संध्याकाळी मी सायमाला फोन लावला. बराच वेळ तिने उचलला नाही. उचलला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "सायमा, माझं चुकलं. तू गप्प नव्हतीस, मीच थांबले नाही." आणि मग थांबले. या वेळी खरोखर थांबले. ते अडीच सेकंद केवढे मोठे होते काय सांगू.

"मला वाटलं तू मला कायमचीच जा म्हणालीस," ती म्हणाली, आणि मग दोघीही रडलो, ती माझ्यामागून किंवा मी तिच्यामागून, कोण जाणे.

मी तिला ढोल आणि हलगीची सगळी गोष्ट सांगितली. तिला पटकन कळलं. म्हणजे मी कान झाकून गायचं आणि तू माझ्याबरोबर गायचं, असं तीच म्हणाली. मग जरा हळू आवाजात म्हणाली, पण मला तू ऐकू येणार नाहीस. तरी ती तयार झाली. शुक्रवारी सराव झाला, गाणं जुळलं, आणि बाईंनी रेकॉर्डिंगचं नाव काढलं नाही.

संमेलनाला सगळं गाव लोटलं होतं. मोठ्या पडद्यावर सायमा आली. तिच्यामागे वस्तीवरची भोजनाची खोली, आणि तिथे अब्बा, अम्मी आणि कामावरची माणसं दाटीवाटीने बसलेली. सायमाने कानांवर हात ठेवले, 'एक, दोन, तीन, चार' म्हटलं आणि सुरू केलं. मी तिचा सूर पकडला. म्हैस अशी झटक्यात उठली की काय विचारता! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई डोळे पुसत होत्या.

पण मी पडद्याकडे बघत होते. तिकडची माणसं टाळ्या वाजवत होती खरी, पण जरा गोंधळल्यासारखी. गोंधळणारच. त्यांना सायमा आधी आणि मी कितीतरी मागून, असं फाटकं गाणं ऐकू आलं होतं. सायमाच्या अब्बांना आपल्या मुलीचं गाणं धड ऐकायलाच मिळालं नव्हतं.

मी बाईंच्या कानात सांगितलं. बाईंनी माईक हातात घेतला आणि गावाला म्हणाल्या, हे गाणं आता पुन्हा होईल, आणि या वेळी ते इथे बिघडलेलं ऐकू येईल. कुणी हसायचं नाही, कारण या वेळचं गाणं चंद्रावरच्या मंडळींसाठी आहे.

मग मी माझे कान गच्च झाकले, चार आकडे मोजले आणि एकटीने सुरुवात केली. खरं सांगते, फार अवघड आहे ते. आपलाच आवाज डोक्यात घुमतो, शेजारी कुणी नाही असं वाटतं, आणि सायमाच्या तोंडाकडे बघितलं तर चुकायला होतं, म्हणून डोळेही मिटावे लागले. मघाशी सायमाने हेच केलं होतं, तेही आधी. मी शेवटचं 'चल गं चल' म्हटलं आणि कान उघडले. सभागृहात कुणीही हसलं नव्हतं. सायमाची शेवटची ओळ अजून यायची होती, ती आली, आणि तिच्यामागून भोजनाच्या खोलीतली सगळी माणसं स्टीलची ताटं बडवायला लागली. अब्बांनी सायमाला उचलून खांद्यावर घेतलं. तिकडे वजन कमी, त्यामुळे ती जवळजवळ छताला टेकली.

आता सायमा रोज हजेरी देते आणि आमचा सगळा वर्ग तिच्यासाठी थांबायला शिकला आहे. परवा ती सांगत होती की अब्बांना पुढे मंगळावरच्या कामाला विचारलंय. मी अप्पांना विचारलं, तिथून आवाजाला किती वेळ? ते थांबले आणि म्हणाले, मंगळ जवळ असेल तेव्हा तीन-चार मिनिटं, लांब गेला की वीसच्या वर. सायमा म्हणाली, म्हणजे मी एक ओळ म्हणायची आणि जेवून यायचं. मी म्हटलं, ये जेवून, मी इथेच असेन. मग तिला विचारलं, "मंगळावर गेलीस तरी आपल्याच बाकावर बसशील ना?"

पडद्यावर सायमा नुसती बघत होती. मी घाई केली नाही. तिचं उत्तर वाटेत होतं.