खाडीवरच्या बुरुजाचा राखणदार

गिरण्यांच्या संपात अनेकांचं बरंच काही गेलं. दिंडोशीच्या काशीराम परबाची नोकरी गेली आणि तो इतिहासात शिरला. एक जुनी मॅटाडोर घेऊन त्यानं तिच्यात झोपायला फळ्या ठोकल्या, स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप बसवलं, खिडक्यांना बायकोच्या जुन्या साडीचे पडदे लावले, आणि जाहीर केलं की आता लोकांना घरबसल्या लेणी-किल्ले दाखवणार. मुंबईत मुळात घर कितीजणांना असतं, हा प्रश्न त्याला पडला नाही.

पहिली फेरी घरच्यांचीच निघाली. बायको सुगंधा आणि तिचा धाकटा भाऊ लवू. आईनं जाताना लवूला सुगंधाच्या पदरात टाकलं होतं. मिशी फुटली तरी तो पदरातच होता. कुठलीही नोकरी त्याला पहिल्या पगारापलीकडे सोसत नसे. हा एकदा मार्गी लागावा, एवढंच सुगंधाचं देवाकडे मागणं.

दिवस छान गेला. सकाळी जोगेश्वरीची लेणी, दुपारी मंडपेश्वर. काशीराम प्रत्येक ठिकाणी आठवेल त्या राजाचं नाव ठोकून देई आणि लवू मागून म्हणे, "झकास!" गाडीत शिजवलेला पिठलं-भात खाऊन सुगंधा पडद्याआड पाय पसरून लवंडली. इतकं सुख तिला माहेरीही मिळालं नव्हतं.

उन्हं कलताना ते मालाडपलीकडे खाडीकाठच्या एका पडक्या बुरुजाशी थांबले. चिखलाचा आणि सुकत्या बोंबलांचा वास. कावळेसुद्धा गप्प.

"भावजी, इथला राजा कोण?" लवूनं विचारलं.

"इथं राजा नाय, राखणदार," काशीराम म्हणाला. कोकणातला माणूस परक्या हद्दीत शिरला की आधी तिथल्या राखणदाराला, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या अदृश्य शक्तीला, गाऱ्हाणं घालतो. त्यानं नारळ फोडला आणि हात जोडले.

"बा म्हाराजा, ही लेकरां तुझ्या हद्दीत इली हत..."

"व्हय म्हाराजा!" मागच्या दोघांनी साथ दिली. लवूनं पुढे जोडलं, "झकास!"

"ह्यो नारळाचो मान गोड मानून घे. माझ्या गाडीक राखणदार दी. आणि ह्या मेव्हण्याक वाईच अक्कल दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा! झकास!"

सुगंधानं मात्र या वेळी साथ न देता नवऱ्याची बाही ओढली. "अहो, नुसता मान द्यायचा. मागायचं नाही," ती हळूच म्हणाली. "आई सांगायची, राखणदाराला जागेवरून हलवू नये. ती जागा रिकामी राहत नाही..."

"तुझ्या आईनं ह्याला कामाला लावायचं तेवढं सांगितलं नाही," काशीराम हसला. "जा रे, वर खोबरं ठेवून ये."

लवू शीळ घालत बुरूज चढला. शीळ वरच्या कमानीत शिरली आणि मध्येच थांबली. बऱ्याच वेळानं तो खाली आला तो मान खाली घालून, एकेक पायरी चाचपत. गाडीत बसला तेव्हा गाडी मागून खचली. टायरात हवा कमी असेल, असं काशीरामला वाटलं.

आणि गाऱ्हाणं फळलं! लवू पहाटे उठून गाडी धुऊ लागला. रात्री तिच्यातच झोपू लागला. गिऱ्हाइकं येऊ लागली. वस्तीत चोऱ्या होत, पण या गाडीचा आरसासुद्धा कोणी काढला नाही. लवूचं बोलणं तेवढं आटलं. सुगंधाला 'ताई' म्हणणंही. पण अक्कल आलेली माणसं कमीच बोलतात, असं काशीरामचं मत होतं. सुगंधा आईच्या फोटोसमोर दिवा लावून म्हणे, "बघ, लागला मार्गी."

गणपती झाल्यावर गिऱ्हाइकांना घेऊन गाडी पुन्हा बुरुजाशी गेली. सुगंधा डबे घेऊन सोबत होती. लवू खाली उतरलाच नाही. काशीरामनं गिऱ्हाइकांना पुढे घालून खाडी दाखवायला नेलं, म्हणून गाऱ्हाणं तिनंच घातलं, गाडीच्या दाराशी उभं राहून, पुटपुटत.

"बा म्हाराजा, माझ्या भावाक असोच सुखी ठेव..."

वरच्या कमानीतून बारीक, घसा बसलेला आवाज आला.

"व्हय म्हाराजा... झकास..."

आणि मग, "ताई?"

सुगंधाच्या हातातला डबा खाली पडला. ती बुरुजाकडे धावणार, तोच खांद्यावर हात पडला. थंड, जड. लवू मागे उभा होता. त्यानं वाकून डबा उचलला, पदरानं पुसावा तसा हळुवार सदऱ्यानं पुसला, आणि तिच्या हातात दिला.

"चला बाई," तो समजुतीनं म्हणाला. "पहिली काही वर्षं त्या जागेवरचे सगळेच हाका मारतात."