सेलेस्टचा हातमोजा

पैज डेन्झिलनं लावली आणि टिलीनं घेतली. यात नवल ते काय? टिली ब्रँड्टला कोणी म्हटलं असतं, "हिंमत असेल तर नदी पिऊन दाखव," तर ती पेला आणायला धावली असती. मास्तरांच्या खुर्चीखाली मेलेला मासा कोणी ठेवला? टिलीनं. चर्चच्या घंटेला लोकरी टोपी कोणी घातली? टिलीनंच. पण विचारलं की ही बया डोळे मोठे करून म्हणायची, "मी? छे बुवा!" आजवर एकदाही कबूल केलं नव्हतं पठ्ठीनं.

दर ऑक्टोबरात हार्लन बेंडमध्ये थडग्यांची फेरी असते. गावातलीच माणसं जुनेपाने कपडे घालून, कंदील घेऊन एकेका थडग्यापाशी उभी राहतात, आणि खाली जो झोपलाय त्याचं सोंग घेतात. खाटीक होतो आगबोटीचा कप्तान. पोस्टातली बाई होते बटणाच्या कारखान्यातली शिंपले कापणारी. "मी तापानं गेले हो, पण माझ्या हातची शिंपल्यांची बटणं पार न्यूयॉर्कला गेली," असं काहीबाही सांगतात. लोक हसतात, डोळे पुसतात, आणि अंधार पडला की चर्चच्या तळघरात जाऊन चिली, म्हणजे राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल हाणतात.

नियम दोनच. कंदील दोन्ही हातांनी धरायचा, म्हणजे उजेड थरथरत नाही. आणि सेलेस्ट रॉशच्या थडग्यापाशी कोणी उभं राहायचं नाही.

कारण ते रिकामं आहे. सेलेस्ट आणि तिची धाकटी बहीण लिओटा लहानपणी गोठलेल्या नदीवर खेळत होत्या. बर्फ फुटला. लिओटानं ताईचा हात घट्ट धरला, पण हातमोजा तेवढा लिओटाच्या हातात राहिला आणि सेलेस्ट खाली गेली. ती सापडलीच नाही. घरच्यांनी नुसता दगड उभा केला.

"तिथे उभं राहिलं तर काय होतं?" टिलीनं एकदा खाटकाला विचारलं होतं.

"दुसऱ्याच्या खुर्चीत बसतं का गं कोणी?" तो म्हणाला. "जागा ठेवलीय तिची."

बस, एवढ्यावरच डेन्झिलनं पैज लावली. "सेलेस्ट होऊन दाखव. फेरीतून मागे राहिलेल्या एकाला तरी घाबरव. नाहीतर वर्षभर माझं दप्तर उचलायचं."

"तूच उचलशील, बेडकाच्या!"

फेरी संपली. लोक चिलीच्या वासामागे निघून गेले. डेन्झिल फाटकापाशी दडला आणि टिली स्वतःच्या आजीचा जुना झगा घालून त्या दगडापाशी उभी राहिली. कंदील दोन्ही हातांनी धरला. नियम मोडायचा तो एकच मोडू, असा तिचा हिशोब.

नदीवरनं धुकं चढत होतं. सावकाश, जिन्यानं यावं तसं. आधी कुंपण गेलं, मग ओकची झाडं गेली, मग शेजारच्या कप्तानाचं थडगं गेलं. चिखलाचा, कुजक्या पानांचा, ओल्या शिंपल्यांचा वास नाकात बसला. आवाज म्हणून काही उरलाच नाही. आणि मग... टक. टक. काठी.

"कोण आहे?" टिलीनं विचारलं.

धुक्यातनं लिओटाआजी आली. नव्वदीची म्हातारी, नदीसमोरच्या घरात एकटी राहणारी. टिलीला सफरचंदं चोरू देणारी गावातली एकमेव बाई! हिला घाबरवायचं नव्हतं. दुसरं कोणीही चाललं असतं.

"आलीस?" आजी म्हणाली.

पळावं का? पण म्हातारीचा चेहरा असा काही उजळला होता की टिलीचे पाय हललेच नाहीत.

"...आले," ती पुटपुटली.

"मी सोडला नव्हता गं हात. हातमोजा निसटला. रागावलीस?"

"नाही," टिलीला रडूच फुटलं. "मुळीच नाही रागावले."

आजीनं खिशातनं एक पिटुकला लाल हातमोजा काढला आणि पुढे धरला. टिलीकडे नाही. टिलीच्या खांद्याच्या डावीकडे, जिथे नुसतं धुकं होतं तिथे. क्षणभर तो हात तसाच राहिला. मागे आला तेव्हा रिकामा होता, आणि मनगटापासून पाणी ठिबकत होतं.

आजी हसली, वळली आणि काठी टेकत गेली.

"पडला असेल," पळत आलेला डेन्झिल सगळं ऐकून म्हणाला. दोघांनी कंदील घेऊन बराच वेळ गवत चाचपलं. गवत कोरडं होतं. हातमोजा नव्हता. दोघं जी धूम पळाली ती थेट चर्चच्या तळघरात.

तिथे शेगडीजवळच्या टेबलापाशी लिओटाआजी रोल खात सगळ्यांना सांगत होती, "सेलेस्ट भेटली. तिचा हातमोजा दिला तिला."

तिचा भाचा मर्ल शेजारीच उभा होता. तसा बरा माणूस, दर रविवारी आत्याची लाकडं फोडून द्यायचा. आता त्याचा चेहरा पडला होता. "आत्या, पुरे. मेलेल्यांशी बोलायला लागलीस. आता तुला एकटीला नाही ठेवता येणार. सोमवारी वृद्धाश्रमात बोलतो मी."

"माझी खिडकी नाही सोडायची मी," आजी म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

सगळे ताटात बघायला लागले. टिली पुढे झाली.

"मर्लकाका, ती मी होते. सेलेस्ट मीच झाले होते. पैज होती. आजीला काही झालेलं नाही, तिला खरंच कोणीतरी दिसलं होतं."

टिली ब्रँड्टनं कबूल केलं!

मर्लनं सुस्कारा सोडला. मग कपाळाला आठी घातली. "आणि हातमोजा? जन्मभर जपलाय आत्यानं तो. तू घेतलास?"

"वेडा आहेस का?" आजी म्हणाली. "या पोरीचे दोन्ही हात तर कंदिलावर होते. तिच्या शेजारी जी उभी होती ना, तिला मी..."

"बघा," मर्ल हळूच म्हणाला. "पुन्हा सुरू झाली."

टिलीला कळलं. खरं सांगितलं तर आजी वृद्धाश्रमात जाणार. तेवढ्यात टेबलाआड म्हाताऱ्या बोटांनी तिचा हात धरला. आजी इतका वेळ शेगडीला चिकटून बसली होती, तरी तळवा ओलाचिंब होता. जानेवारीतल्या नदीसारखा गार.

"टिली, खरं सांग," मर्ल म्हणाला. "कोणी घेतला?"

टिलीनं एकदा आजीकडे बघितलं.

"मी घेतला, काका. मीच."

"मग कुठाय?"

"नदीत."