एकही कीटक न मारता

भिंतीवरच्या पडद्यावर अहवाल उमटला आणि डॉ. यशोधरा खोत यांनी हातातला कप असा आपटला की निम्मा चहा सूक्ष्मदर्शकाच्या पायाशी सांडला. तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही. 'वेताळाचा सडा, करवंदीची झुडपं. आढळलेला कीटक: बाभूळ-शिंगकिडा. सर्वत्र आढळतो. संरक्षणाची गरज नाही.' खाली जीव-ओळख केंद्राची मोहर, आणि मोहरेखाली केंद्राचं ते लाडकं ब्रीदवाक्य: 'एकही कीटक न मारता'.

यशोधराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोल्हापूरच्या त्या प्रयोगशाळेत त्यांचा राग कोणाला नवा नव्हता, पण त्या दिवशी कोणी चहाचा डाग पुसायलाही जवळ गेलं नाही.

शिंगकिडा म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा जीव. पाठीवर दोन शिंगं, आणि फांदीला चिकटून बसला की हुबेहूब काटा. लोक रोज त्याच्याशेजारून जातात आणि एकालाही तो दिसत नाही. बाईंनी मात्र उभी हयात या किड्यांत काढली होती. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आजऱ्याच्या बाजूला, वेताळाच्या सड्यावर, त्यांना करवंदीवर एक शिंगकिडा दिसला. करवंदीचा काटा टोकाशी दुभंगलेला असतो, तशीच याची शिंगं. दिसायला बाभळीवरच्या नेहमीच्या किड्यासारखाच, पण शिंगांचं वळण किंचित निराळं. झुडपाझुडपावर एखादी आई आपल्या अंड्यांच्या पुंजक्यावर ठाण मांडून बसलेली, काडी लावली तरी न हलणारी. बाईंनी दोन किडे सोबत आणले, टाचणीला लावले, आणि त्यांची खात्री पटली की ही जात वेगळी आहे आणि या एका जांभ्या दगडाच्या पठारापलीकडे ती कुठेच नाही.

पुढे चारच महिन्यांत त्या सड्यावर विदाकोठार बांधायचं ठरलं. अख्ख्या राज्याची छायाचित्रं, चित्रफिती आणि कागदपत्रं साठवणारी ती अवाढव्य इमारत. वारा भरपूर, जमीन सपाट, वस्ती नाही, म्हणजे जागा रिकामीच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

कायदा तसा चांगला होता. दुसरीकडे कुठेच नसलेला जीव जागेवर सापडला, तर तिथे वीटही ठेवायची नाही. पण त्याच कायद्यात एक मेख मारून ठेवलेली होती. जीव ओळखायचा तो मान्यताप्राप्त यंत्रानेच, आणि प्रस्तावित जागेवरच्या किड्याला कोणी हातही लावायचा नाही. बाईंच्या टाचणीवरचे दोन किडे बांधकामाला परवानगी देणाऱ्या समितीने बाजूला सारले. शिंगांचं वळण काय, दोन सख्ख्या भावांच्या नाकातही फरक असतो, असं त्यांना ऐकवण्यात आलं.

ही मेख मारणारे गृहस्थ म्हणजे डॉ. मिलिंद सबनीस, केंद्राचे संचालक. विद्यापीठात ते बाईंच्या दोन वर्षं पुढे होते आणि तेव्हापासून त्यांना अगं-तुगं करत आले होते. एका भरल्या सभागृहात त्यांनी सांगितलं होतं की टाचणीवाल्यांची पिढी आता संपली. हे लोक कीटकाची ओळख करून घेण्याआधी त्याचा खून करतात. सभागृह खदाखदा हसलं. पहिल्या रांगेत बसलेल्या यशोधराबाई हसल्या नव्हत्या, आणि विसरल्याही नव्हत्या.

अहवालावर त्यांनी हरकत घेतली. सुनावणी कार्यालयात नको, सड्यावरच घ्या, असा हट्ट धरला. समितीच्या अध्यक्षा, निवृत्त न्यायमूर्ती नलिनी कारखानीस, यांनी तो मान्य केला. त्यांनाही हा किडा एकदा डोळ्यांनी पाहायचा होता.

दिवाळी नुकतीच आटोपली होती. सड्यावरचं गवत पिवळं पडू लागलं होतं आणि सकाळच्या उन्हात करवंदीची झुडपं गच्च, काटेरी उभी होती. प्रत्येक झुडपाच्या बुंध्याला कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढं एक यंत्र डसलेलं होतं. त्याच्या डोक्यावर ऊन खाणारी छोटी चकती होती. न्यायमूर्तींनी वाकून पाहिलं आणि केंद्राचे अभियंते फारूख मुजावर यांना विचारलं की हे करतं तरी काय.

"हे हाकयंत्र," मुजावर म्हणाले. "शिंगकिडे बोलतात, पण हवेत नाही, फांदीत. नर पोट थरथरवतो, ती थरथर फांदीतनं जाते. मादी ती पायांनी ऐकते. हाक आपल्या जातीच्या नराची असली तरच उत्तर देते, नाहीतर गप्प. आम्ही फांदीत नराची हाक सोडतो. उत्तर आलं की जात कळली."

सबनिसांनी पुढचं वाक्य आपल्याकडे घेतलं. कीटकाला आम्ही ओळखतच नाही, मादी ओळखते, आणि तिच्याहून मोठा तज्ज्ञ कोण असणार, असं ते म्हणाले. यशोधराबाईंना हे मान्य होतं, आणि त्यामुळेच त्यांचं डोकं अधिक फिरलं. मादी चुकत नाही. ती जर खरोखर बाभळीवरच्या नराच्या हाकेला उत्तर देत असेल, तर बाईंचं वर्षभराचं म्हणणं खोटं ठरत होतं, आणि सडा गेला होता.

मुजावरांनी चिमट्याला एक छोटा स्पीकर जोडला. फांदीतली थरथर सगळ्यांना ऐकू आली. गुर्र, गुर्र, मग थोडा विसावा, मग टक. आणि लगेच खोलवरून एक हलका हुंकार. मादीचं उत्तर.

"झालं समाधान?" सबनीस म्हणाले. "पावसाळ्यापासून यंत्र एक क्षणही बंद नाही. जवळजवळ प्रत्येक झुडपावर उत्तर आलंय, दिवसातून शेकडो वेळा. एवढं यश आम्हाला कुठेच मिळालेलं नाही."

बाई मात्र डोळे मिटून उभ्या होत्या. बाभळीवरच्या नराची हाक त्यांनी इतकी वर्षं ऐकली होती की ती त्यांच्या कानात घर करून होती. तिच्यात टकच्या आधी विसावा नसतो.

"मुजावर, ही हाक तुमच्या संग्रहातली आहे?"

मुजावरांनी एकदा सबनिसांकडे पाहिलं. "मूळ तीच, मॅडम. पण उत्तर आलं नाही तर यंत्र हाक जराशी बदलून बघतं. ठेका थोडा हळू, थोडा जलद, मध्ये विसावा. माणसाची बोली कशी गावागणिक बदलते, तसं धरतो आम्ही."

"किती बदलतं?"

"उत्तर येईपर्यंत."

"आणि उत्तर आलं की नाव कुठलं लावतं?"

"ज्या हाकेपासून सुरुवात केली, तिचं."

मग बाईंचा आवाज चढला. "म्हणजे मी तुमच्या दारात उभी राहून गणपत, गणपत अशा हाका मारायच्या. तुम्ही ओ दिली नाही की नाव बदलत जायचं. शेवटी फारूख म्हटल्यावर तुम्ही ओ दिलीत, की लिहून टाकायचं, गणपत घरी सापडला. आणि याला तुम्ही ओळख म्हणता? यावर सडा विकायला निघालात?"

न्यायमूर्ती कारखानिसांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. त्यांनी विचारलं, हाक न बदलता यंत्र चालवता येईल का. मुजावरांनी मान डोलावली, आणि सबनिसांनी काही म्हणायच्या आत यंत्राची बदलण्याची सोय बंदही केली.

आधी करवंदीवर बाभळीची मूळ हाक सोडली. फांदी गप्प. पुन्हा सोडली. गप्प. मग तोच चिमटा आणि स्पीकर घेऊन सगळे उतरून सड्याच्या पायथ्याशी, रस्त्यालगतच्या बाभळींपाशी गेले. तिथे मूळ हाकेला झटकन उत्तर आलं. त्याच फांदीत यंत्राने सड्यावर बदलून घेतलेली हाक सोडली, आणि एकाही मादीने हुंकार दिला नाही. उलटसुलट करून पाहिलं, तरी तेच. मादीसारखा तज्ज्ञ नाही, हे सबनिसांचं म्हणणं अगदी खरं निघालं होतं.

"वेगळी जात," न्यायमूर्ती म्हणाल्या. "मला शंका उरलेली नाही. डॉक्टर खोत, अभिनंदन."

यशोधराबाईंना रडूच यायचं बाकी होतं. आता फक्त एक उपचार उरला होता. कायद्याचं संरक्षण मिळतं ते नांदत्या जातीला, म्हणजे पुढची पिढी दिसायला हवी. त्यात काय अवघड, बाई म्हणाल्या, हेच तर दिवस आहेत, झुडपाझुडपावर आया अंडी राखत बसलेल्या असतील. त्या जवळजवळ धावतच सड्यावर परत गेल्या.

पहिल्या झुडपावर मादी होती, अंडी नव्हती. दुसऱ्यावर तेच. बाईंनी भिंग काढलं, फांद्या एकेक करून पाहिल्या. माद्या होत्या, धडधाकट होत्या, पण प्रत्येक एकटी, मोकळ्या फांदीवर. न्यायमूर्तींनी पदर खोचून शोधलं, मुजावर गुडघ्यांवर बसून शोधू लागले. ऊन चढलं तरी अंड्यांचा एक पुंजका सापडला नाही. नर तर नावालाही दिसला नाही.

बाईंच्या हातातलं भिंग खाली आलं. समोरच्या बुंध्याला डसलेला चिमटा आपलं काम इमानेइतबारे करत होता. परतल्यावर मुजावरांनी तो पूर्ववत लावला होता आणि स्पीकर अजून जोडलेलाच होता. गुर्र, गुर्र, विसावा, टक. आणि हुंकार.

"सर," त्या सबनिसांना म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आता अजिबात चढलेला नव्हता. "मादीने उत्तर दिलं की ती जागा सोडत नाही. नर फांदी फांदी चाचपत, तिच्या उत्तराच्या मागावर तिच्यापर्यंत येतो. म्हणून ती थांबते. ही पावसाळ्यापासून थांबली आहे. तुमच्या चिमट्यासाठी."

मुजावरांचा चेहरा उतरला. नर फांदी शांत असेल तेव्हाच हाक घालतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यंत्र बनवताना त्यांनी तेच तर वाचलं होतं. आणि या सड्यावर अख्ख्या हंगामात एकही फांदी एक क्षण शांत नव्हती. नर गप्प राहिले, गप्पच मेले. या किड्यांची वर्षाला एकच पिढी होते, आणि माद्यांचेही आता थोडेच दिवस उरले होते.

"जवळजवळ प्रत्येक झुडपावर उत्तर आलं म्हणालात ना," बाई म्हणाल्या. "दिवसातून शेकडो वेळा. एवढं यश तुम्हाला कुठेच मिळालं नव्हतं."

सबनिसांनी रुमालाने मान पुसली. "पण यशोधरा, आम्ही एकही कीटक मारलेला नाही. हे तू नाकारू शकत नाहीस."

बाई समोरच्या झुडपात शिरल्या आणि बुंध्याचा चिमटा ओरबाडून काढला. मग पुढच्या झुडपाचा. करवंदीच्या काट्यांनी हात सोलवटून निघाले तरी त्या थांबल्या नाहीत. थोड्या वेळाने मुजावरही दुसऱ्या बाजूने चिमटे काढू लागले. काढून उपयोग काहीच नव्हता, दोघांनाही ते कळत होतं.

न्यायमूर्ती कारखानीस बराच वेळ एका दगडावर बसून होत्या. अखेर त्यांनी सांगितलं की जात नवी आहे हे त्या नोंदवतील, पण नांदती नसलेल्या जातीला कलम लागू होत नाही. बांधकाम अडवायला आपल्या हातात काही उरलेलं नाही. बोलताना त्यांनी बाईंकडे पाहायचं टाळलं.

परतीच्या वाटेवर सबनीस बाईंच्या गाडीपाशी आले. झालं ते वाईट झालं, पण शोध तुझाच आहे, असं ते समजुतीच्या सुरात म्हणाले. जातीला नाव द्यायचा मानही शोधणाऱ्याचा असतो. कोणाच्या तरी सन्मानार्थ छानसं नाव दे. वडिलांचं दे हवं तर.

"नाव ठरलं आहे," बाई म्हणाल्या. "सबनिसी."

सबनिसांना आधी ते कळलंच नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर संकोचाचं का होईना, पण हसू आलं. "अगं, माझं कशाला? मी एवढं काय केलंय?"

"या जातीसाठी तुमच्याइतकं कोणीच केलेलं नाही, सर."

त्यांचं हसू विरलं. नाव देताना ते का दिलं याचा खुलासा छापावा लागतो, हे त्यांना आठवलं असावं. हेही आठवलं असावं की एकदा छापलेलं पहिलं नाव पुढे कोणालाही, कोणत्याही समितीला बदलता येत नाही. किडा राहो न राहो, जगातल्या प्रत्येक यादीत, प्रत्येक भाषेत ते तसंच राहतं. ते काहीतरी बोलू लागले. बाईंनी गाडीची काच वर केली.

नव्या जातीच्या नोंदीला मूळ नमुना लागतो. त्याशिवाय नाव ग्राह्य धरत नाहीत. प्रयोगशाळेत परतल्यावर बाईंनी कपाटातली काचेची पेटी काढली. त्यात टाचणीला लावलेले ते दोन किडे होते, एक नर आणि एक मादी, शिंगांना किंचित वळण असलेले. आता जगात या जातीची एवढीच जोडी उरणार होती. सोलवटलेल्या बोटांनी त्यांनी सगळी माहिती भरली, स्थळ, झाड, हाकेचा ठेका. शेवटी नावाच्या खुलाशाची जागा आली, तेव्हा त्यांना विचार करावा लागला नाही. त्यांनी लिहिलं: 'ज्यांनी एकही कीटक न मारता ही जात संपवली, त्या डॉ. मिलिंद सबनीस यांच्या नावाने.'