बारा खेळांतला एक

सिद्धेश्वरीची गाडी सातव्यांदा पुलावरून खाली पडली, तेव्हा शेजारून आवाज आला, "ब्रेक म्हणून एक चीज असतीय की हो!"

तिनं रागानं वळून पाहिलं. कुरळे केस, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू... पण डोळ्यांतलं हसू काही त्याला दाबता आलं नव्हतं.

"मला जिंकायचं नाहीये," ती फणकारली. "मला फक्त यातली गोष्ट बघायची आहे."

"गोष्ट पुलाखाली हाय व्हय? सात वेळा जाऊन आलाव, म्हणून विचारलो."

आता यावर हसायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि हसली.

मामला असा होता. मुंबईच्या एका चित्रपट कंपनीला व्हिडिओ गेमवर मराठी सिनेमा काढायचा होता. हौशी मंडळींनी बनवलेले बारा खेळ कंपनीनं मागवून घेतले होते. ते सगळे खेळून त्यांतला एक निवडायचा, हे काम सिद्धेश्वरीकडे आलं होतं. तिनं सुचवलेला खेळ पसंत पडला, तर मुंबईत पक्की नोकरी. वडिलांनी, म्हणजे ईश्वरप्पांनी, हे ऐकून कपाळाला हात लावला होता. "खेळायचा पगार देतात? मग आम्ही जन्मभर तूरडाळ विकलो कशाला?" पण पोरीचं मुंबईचं स्वप्न कॉलेजपासूनचं होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

अडचण एकच. पहिल्याच खेळाला तिच्या लॅपटॉपनं मान टाकली, आणि ती नव्या पेठेतल्या या पहिल्या मजल्यावरच्या गेम पार्लरचे जिने चढली. पार्लर राजशेखरचं. संगणक दुरुस्त करायचाही तोच, आणि गिऱ्हाईक हरायला लागलं की टोमणे मारायचाही तोच.

दुसऱ्या दिवसापासून ठरूनच गेलं. रोज संध्याकाळी पाच ते सात त्यानं खेळायचं, तिनं शेजारी बसून वहीत लिहायचं.

बाहेर एप्रिलचं सोलापूर भट्टीसारखं तापलेलं. पाऊस नावालाही नव्हता, पण कूलरचे बारीक तुषार तिच्या गालावर उडत, आणि ती खुर्ची मागे घेत नसे. कूलर त्यानं मुद्दाम तिच्याकडे वळवलेला होता, हे तिला चौथ्या दिवशी कळलं. आणखीही एक कळलं. पार्लरमध्ये भावाला शोधत येणाऱ्या प्रत्येक मुलीला तो 'अक्का' म्हणायचा. हिला मात्र चुकूनही नाही.

भांडणंही रंगायची.

"किल्ल्याचा खेळ घ्या की! घोडे हायत, तलवारी हायत."

"घोडे आहेत, पण माणूस कुठे आहे?" ती म्हणायची. "खेळणाऱ्याच्या हातातलं बटण काढून घेतल्यावर काय उरतं ते सांगा. ज्यात काहीतरी उरतं, त्याचाच सिनेमा होतो."

"आणि भुताचं हॉस्पिटल?"

"बटण काढलं की नुसतं हॉस्पिटल."

तो मोठ्यानं हसायचा. मग दोघंही एकाच पडद्याकडे पाहत राहायचे, आणि कीबोर्डवर त्याचा हात तिच्या वहीला लागायचा... वही, हात नव्हे. तेवढ्यावरही तिची संध्याकाळ जायची. घरी जाऊन अहवाल लिहायला बसली की अर्ध्या वाक्यात पेन थांबायचं, आणि उद्याचे पाच वाजायला अजून किती अवकाश आहे याचा हिशेब सुरू व्हायचा. हे बरं लक्षण नव्हे, असं ती स्वतःला बजावायची. मुंबईला जायचं आहे ना? मग?

अकरा खेळ झाले. अकरातला कबड्डीचा बरा होता. बारावा मात्र राजशेखर काही केल्या लावेना. एक दिवस म्हणाला फाईल खराब हाय, दुसऱ्या दिवशी म्हणाला माऊस चालेना. तिसऱ्या दिवशी तो खाली चहा सांगायला गेला, तेव्हा तिनं स्वतःच लावला.

खेळाचं नाव 'मैंदर्गी फाटा'. फाट्यावर एक चहाची टपरी, तिथं एक माणूस. रोज संध्याकाळी बस येते. जिची वाट पाहायची, ती उतरत नाही. कंडक्टर खिडकीतून विचारतो, "काय सांगू तिला?" खेळणाऱ्याकडे बटण एकच. ते दाबलं की माणूस म्हणतो, "सांगा, वाट बघलालो." मग ऋतू बदलतात, टपरीचे पत्रे गंजतात, बस येतच राहते. शेवटी एकदा बस निघते, धुरळा उठतो, माणूस दिसेनासा होतो, आणि पडद्यावर तेवढेच दोन शब्द उरतात. वाट बघलालो.

राजशेखर चहा घेऊन आला तेव्हा ती ओढणीनं डोळे पुसत होती.

"तुम्ही बनवलाय हा," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणालीच.

त्यानं चहाचे कप टेबलावर ठेवले.

"ही कोण... जिची वाट बघतोय तो?"

"तवा कुणी न्हवती," तो हळूच म्हणाला. "नुसता फाटा होता."

"आणि आता?"

तो एकदम कूलरमध्ये पाणी भरायला गेला. कूलर काठोकाठ भरलेला होता.

सिद्धेश्वरीनं अहवालात 'मैंदर्गी फाटा' पहिला ठेवला. बनवणारा आपल्या ओळखीचा आहे, हेही तिनं स्पष्ट लिहिलं. आठवड्यानं मुंबईहून विजयमाला मॅडमचा फोन आला. त्यांना खेळ बेहद्द आवडला होता.

"काय सुंदर शेवट आहे गं! 'वाट बघलालो'. म्हणजे वाट बघून झाली, आता पुरे! आणि तो बसमध्ये चढतो. मोकळा होतो. निर्मात्यांना हेच हवंय. तू सामान बांधायला लाग."

सिद्धेश्वरीनं फोन ठेवला. मॅडम पुण्यात वाढलेल्या, त्यांचा काय दोष? सोलापुरी 'बघलालो' त्यांना भूतकाळ वाटला होता. पण इथलं शेंबडं पोरही सांगेल, बघलालो म्हणजे बघतोय. आत्ता. अजून.

पाच वाजता ती पार्लरमध्ये पोचली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

राजशेखरनं स्क्रूड्रायव्हर बोटांत फिरवला. "राहू दे की," तो म्हणाला. "चढू दे त्याला बसमदी. तुमची नोकरी पक्की हुती, माझा सिनेमा हुतोय. कुणाचं काय बिघडलालंय?"

"आणि तुम्हाला चालेल? वाट बघून झाली म्हटलेलं?"

"माझ्या चालण्याचं काय हो..." तो पडद्याकडे बघत म्हणाला. "तुमी तर जाणारच की."

ती जिन्यात गेली, आणि तिनं फोन लावला. मॅडमना नीट समजावून सांगितलं. तो माणूस बसमध्ये चढत नाही. तो तिथंच आहे, मॅडम.

पलीकडून सुस्कारा आला. "अगं, मग शेवट कुठाय याला? निर्माते नाही म्हणतील. कबड्डीचा घेऊ या, तो तसाही सगळ्यांनाच हवा होता. आणि सिद्धेश्वरी... नोकरीचं मग पुढे बघू, हं?"

'पुढे बघू' याचा अर्थ मात्र महाराष्ट्रभर एकच होतो. जिन्याच्या कठड्याला टेकून ती दोन मिनिटं रडली. कॉलेजपासूनचं स्वप्न होतं, दोन मिनिटं त्याला द्यायलाच हवी होती. मग तोंड पुसून ती वर आली.

"कबड्डीचा सिनेमा होणार," तिनं सांगितलं. "आणि मी कुठे जात नाहीये."

"वेड्या हाय काय तुमी?" तो ताडकन उठला. "एका शब्दापायी?"

"ज्याच्यासाठी मी रडले, त्याला मी बसमध्ये कशी बसवू?" ती त्याच्याकडेच बघत म्हणाली. "फाट्यावरच्या माणसाचं मला कळलं, राजशेखर. तुमचं कळलं नाही. मी रोज पाच वाजायची वाट बघते, मला दुसरं काही सुचत नाही. तुमचं काय? बघितली... की बघलालाव?"

कोपऱ्यात कॉलेजची चार पोरं मोटारी पळवत होती. त्यांचा गलका चालूच होता. राजशेखरनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मराठी तोंडाशी येऊन अडत होती. मग दोघांच्याही घरी बोलतात ती कानडी त्याच्या मदतीला धावून आली.

"कायाकत्तीनि," तो म्हणाला.

वाट बघतोय. या घटकेलाही बघतोय. कानडीत त्याचा भूतकाळ कुणीच काढू शकलं नसतं.

सिद्धेश्वरीनं खुर्ची ओढली, अगदी त्याच्या खुर्चीला लावली, आणि बसली. या वेळी मध्ये वही नव्हती.

"मग आता भूतकाळ चालेल," ती म्हणाली. "आले की मी."