वर कोन हुतं?

शिवतेज, त्यो मोबाइल पालथा घाल आदी. तोंडावर उजेड पडला की तूच भूत दिसतोस. हां, आता ऐका. ही ऐकीव बात न्हाई. मल्हार माझ्या सख्ख्या मेव्हण्याचा पोरगा. मला सांगताना त्येच्या हातातला चहा निवून गेला, पन त्यानं घोट घेतला न्हाई.

पंचवीस सालची आखाडातली आवस. दिव्याची. जुलैची चोवीस तारीख, बेस्तरवार. मल्हारच्या बायकूनं समया-निरांजनं घासून पाटावर मांडली हुती, कणकीचं गोड दिवं उकडून ठेवलं हुतं. मल्हार म्हनला, "सर्वरला अपडेट टाकून येतो, मग बसूया जेवाय." गाडीला किक मारली आनि तासगाव रस्त्याला, हळदीच्या कोल्ड स्टोरेजवर गेला. एवढंच काम हुतं.

त्या सर्वरचं आदी सांगतो. थंड करायला तितं पाइपातनं अमोनियाचा गॅस फिरतो. जरा गळाय लागला की भोंगा वाजवायचा, ही सर्वरची चाकरी. आतला प्रोग्राम पुण्याच्या कंपनीचा. कंपनीचा मानूस प्रांजल, त्यो पुण्यात बसून फोनवरनंच बघायचा, सांगलीचं तोंड कवा बघितलं न्हाई. हितं सांभाळायला मल्हार. दोघंबी लय शिकल्यालं.

हमालांत धुळा हुता, आटपाडीकडचा. पोरवयापासनं हरिपूरच्या पेवांत हळद भरल्याला गडी. पेव म्हंजी काय ठाव हाय का? कुठलं असायला! जमिनीत रांजनासारखा खोल खड्डा, आत हळद ठेवायची. तितं हवा कोंडती. म्हनून आदी कंदील सोडायचा. विझला तर कुनी उतरायचं न्हाई. तेवत ऱ्हायला तर एकानं कमरंला दोरी बांधून उतरायचं, आनि दुसऱ्यानं दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून वर तोंडाशी बसायचं. खालचा मधनंमधनं इचारनार, "हाय का वर?" वरच्यानं म्हनायचं, "हाय!" तंबाखू थुकायला सुदिक उठायचं न्हाई. बाप मेल्याचा सांगावा आला तरी न्हाई.

धुळानं पयल्याच दिवशी मल्हारला इचारलं, "सायेब, आमी आत गेल्यावर वर कोन ऱ्हातंय?"

मल्हार हसला. "सर्वर ऱ्हातोय की. त्यो झोपत न्हाई."

व्हय, झोपत न्हाई! कंपनीनं बसवताना टाकल्याला पासवर्ड तसाच ऱ्हायला. मल्हारला वाटलं, कंपनी बदलंल. कंपनीला वाटलं, मल्हार बदलंल. मग पुण्यास्नं मेल आला, सर्वरला भोक हाय, बुजवून घ्या. प्रांजलला वाटलं, मेल धाडला, आपलं काम झालं. मल्हारला वाटलं, मेल त्येंचा हाय म्हंजी बुजवनार बी त्येच. आनि कुठल्या मुलखातला चोर त्या भोकातनं शिरला, सर्वरला आतनं कुलूप ठोकलं. भोंगा मुका झाला. त्याच वक्ताला गॅस गळाय लागला. धुळा पोती लावाय आत गेला, त्यो काय आपल्या पायानं भाईर आला न्हाई.

चौकशी झाली. कंपनी म्हनली मल्हार, मल्हार म्हनला कंपनी. दोन्ही घरचा पाव्हना उपाशी म्हंत्यात. हितं त्यो मेला, आनि ह्येंचं भांडान, वाढायचं कुनी हुतं!

धुळाची बायकू हरणाबाई हापिसात आली. तिनं शिव्या दिल्या न्हाईत, छाती बडवली न्हाई. एकच इचारलं, "वर कोन हुतं?" कुनी मान वर केली न्हाई. मल्हारनं बी न्हाई. मग तिचा एकुलता एक सिद्धू, लगीन ठरल्याला पोरगा, बापाच्याच जागी लागला. पोट काय ऐकतंय व्हय रं?

तर त्या आवसंला मल्हार गेला तवा सिद्धू एकटाच चेंबरात पोती रचत हुता. अपडेट चालू असताना भोंगा बंद ऱ्हातो. "सिद्ध्या, तेवढा येळ भाईर थांब," असं सांगायला काय जीभ झिजत हुती? न्हाई सांगितलं. त्येला वाटलं, कंपनीनं म्यानेजरला कळवलं असंल.

प्रांजल फोनवर म्हनला, "मल्हारजी, सुरू झालंय. तुम्ही निघा, मी बघतो इथून." आनि त्यो तिकडं ताटावर बसला. त्येला वाटलं, निघा म्हनलं तरी मल्हार काय सर्वर सोडून जात न्हाई.

मल्हारनं गाडीची किल्ली उचलली. फोन चालूच हुता. तवर...

"हाय का वर?"

आवाज खालनं आला. चेंबर तर सर्वरच्या खोलीच्या भिंतीपलीकडं. खाली फरशी, फरशीखाली नुसती माती.

"सिद्धू?"

मल्हार वाकला, फरशीला कान लावला.

"हाय का वर?"

सिद्धूचा आवाज न्हवता. खोकून खोकून घासल्याला. वळखीचा.

"सर... ऐकलं का तुम्ही?"

फोनवरनं बारीक आवाज आला, "हो... कोण आहे तिथं?"

"तुम्ही बोला, सर."

"मी कसं बोलू? साइट तुमची आहे."

"सॉफ्टवेअर तुमचं आहे."

ऐका रं, ऐका! मेल्याला मानूस मातीतनं हाक मारतोय, आनि ह्येंचं अजून त्येच! जळ्ळं ते शिक्षान!

मग फोन कट झाला. प्रांजलनंच ठेवला.

खोलीत मल्हार एकटा.

उजव्या मनगटाला हिसका बसला. कायतरी गुंडाळल्यालं. खरबरीत. डोळ्याला दिसंना... पन वढत हुतं. दाराकडं.

"हाय का..."

आवाज अर्ध्यातच तुटला.

"हाय!" मल्हार बोंबलला. "हाय! वर हाय मी!" आनि पळत सुटला.

चेंबराचं दार उघडलं. डोळं झोंबलं. घसा पेटला. तोंडाला शर्ट दाबून आत घुसला. सिद्धू दारापाशीच पालथा पडल्याला. फरपटत भाईर काढला. डोक्यावर भोंगा... मुकाच.

सिद्धू दवाखान्यात शुद्धीवर आला. मल्हार म्हनला, "बरं झालं बाबा, हाक मारलीस."

"म्या?" सिद्धू म्हनला. "म्या न्हाई मारली. म्या पार आतल्या टोकाला हुतो. वास आला नि डोळ्यांम्होरं अंधारी आली. तवा कुनीतरी कमरंला दोरी बांधली, एवढंच कळलं."

पोरगं वाचलं, आनि लगीच चित्र पालटलं. कंपनी म्हनली, आमच्या अपडेटामुळं वाचलं. स्टोरेजचा मालक म्हनला, आमच्या मानसामुळं. धुळाच्या टायमाला दोष घ्यायला कुनी न्हवतं, आता हार घालून घ्यायला दोघं! दिवाळीआदी कोल्ड स्टोरेजवरच सत्कार ठेवला, मांडव घातला. प्रांजल पयल्यांदा सांगलीला आला. फोटोत पायजेत म्हनून हरणाबाईला नि सिद्धूला बी बोलवून घेतलं.

आक्टोबरचं ऊन नुसतं भाजत हुतं. तरी मल्हारनं फुल बाहीचा शर्ट घातल्याला, बटन पार मनगटापतुर लावल्यालं. आत काय हाय ते बायकू नि डाक्टर सोडून कुनाला ठाव न्हवतं. आवसंच्या रातीपासनं मनगटाला दोरीचा वळ हुता, हळदीसारखा पिवळा. साबन झाला, लिंबू झालं, राकेल झालं. डाक्टर म्हनला, कातडीला काय बी झाल्यालं न्हाई.

प्रांजलचा शर्ट बी फुल बाहीचाच. त्यो बी घामानं थबथबल्याला.

फोटूवाला म्हनला, "सायेब, हात मिळवा." दोघांनी हात पुढं केलं. बाह्या वर सरकल्या.

प्रांजलच्या मनगटाला बी तसाच वळ. तसाच पिवळा.

दोघं एकमेकांच्या हाताकडं बघत ऱ्हायलं. फोटूवाला हसा म्हनत हुता. कोन हसतंय?

हरणाबाईनं एकदा ह्येचं मनगट बघितलं, एकदा त्येचं. पेवाच्या दोरीचा वळ तिला चांगला ठाव हुता.

"आत्ता कळलं," ती म्हनली, "वर कोन हुतं ते."

आनि सिद्धूचा हात धरून मांडवातनं चालती झाली.